तळ्यातले जात्याचे दगड

शेषेराव वाघमारे लातूरला बदलून आले त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि या दीड वर्षात ते एकदाही धड गादीवर झोपले नव्हते. झोपायचे ते ऑफिसातली दोन टेबलं जोडून. नवा जिल्हा झाला तेव्हा सामानसुमान इकडून तिकडून, जसं हाती लागेल तसं आलेलं. त्यामुळे एक टेबल दुसऱ्यापेक्षा दोन बोटं उंच होतं. ती दोन बोटं रोज सकाळी मत्स्य खात्याच्या पर्यवेक्षकांच्या कमरेत उतरलेली असायची. वय चौपन्न. या वयात कमरेने साथ सोडली तर तिला दोष देण्यात काही अर्थ नाही.

लातूर जिल्ह्याचं गाव झालं, मागोमाग ऑफिसं आली, ऑफिसांमागून साहेब आले, कारकून आले, शिपाई आले. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. लोकांनी गोठे सारवून भाड्याने दिले, एका वकिलाने जिन्याखालची जागा तलाठ्याला दिली. शेषेरावांना तीही मिळाली नाही. घरमालक आधी गाव विचारायचा, मग आडनाव विचारायचा, आणि आडनाव कानावर पडलं की त्याला एकदम आठवण व्हायची की पुढच्या महिन्यात आपला भाचा शिकायला येणार आहे. पहिल्या सहा महिन्यांत शेषेरावांच्या वाट्याला असे अकरा भाचे आले. त्यानंतर त्यांनी खोली बघणं सोडून दिलं. अपमानाने माणूस थकतो ते खरं, पण समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून तो अपमान हसून ऐकून घेण्याने त्याहून जास्त थकतो.

बायको, सिंधु, नांदेडला होती. तिथलं सरकारी क्वार्टर बदलीनंतर दोनदा मुदत वाढवून मिळालं होतं. आता तिसऱ्यांदा नाही, मे महिना संपायच्या आत खाली करा, असं पत्र आलं होतं. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. सिंधुचे गुडघे धरलेले. लोह्याला तिचा भाऊ होता, पण भावाच्या घरी जाऊन राहायचं नाव काढलं की ती गप्प बसायची. लातुरात औसा रस्त्याला कर्मचाऱ्यांसाठी चोवीस क्वार्टरं बांधायचं काम निघालं होतं. त्यातलं एक मिळालं, पुरं होईपर्यंत अर्ध्या बांधलेल्यातही राहू दिलं, तर दोघांना एका छपराखाली येता येणार होतं. शेषेरावांना आयुष्याकडून आता एवढंच पाहिजे होतं. बढती नको, मानपान नको, दोन खोल्या आणि एक मोरी.

एप्रिलच्या एका सकाळी बांधकामाचा ओव्हरसियर बसवंत फाइल घेऊन आला. पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, निलंग्याकडचा माणूस. बोलता बोलता दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी मोडून खायचा आणि कुणाला त्याचा राग यायचा नाही.

"वाघमारे साहेब, एक कागद पायजे तुमचा," तो म्हणाला. "चिंचोडीच्या तलावात रोजगार हमीवर गाळ काढून राहिलो आम्ही. मधोमध दगडाचा लई मोठा ढीग निघालाय. कठीण काळा दगड. पायात भराया एक नंबर. क्वार्टरच्या पायालाच घालतो म्हणलं."

"मग घाला की. आम्हाला काय विचारता?"

"तलाव भोयांच्या सोसायटीला मासळीसाठी दिलेला. मत्स्य खात्याची हरकत नाही, एवढं पत्र लागतंय. लिहायचं बी काम न्हाई. तुमचंच लिहिलेलं हाय, तेच उतरवून सही करायची." बसवंतने फाइल उघडून एक पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला.

कागदावरचं अक्षर शेषेरावांचंच होतं. आठ वर्षांपूर्वी, हा सगळा मुलूख उस्मानाबादेत होता तेव्हा, ते या भागात नोकरीला होते. त्यांनी लिहिलं होतं : 'तलावाच्या तळाशी दगडगोटे व कचरा साचलेला असून त्यामुळे जाळी फाटतात. सदर अडथळा काढून टाकणे मत्स्योत्पादनाच्या दृष्टीने हितावह राहील.' खाली सही. तेव्हा सहीला शेपूट होतं.

"यादीत तुमचं नाव सोळावं हाय," बसवंत आवाज उतरवून म्हणाला. "सोळा म्हणजे घर मिळाल्यातच जमा. आमचे साहेब हे पत्र घेऊन यादी करायला बसणार हायत. मी सांगून ठिवलोय, वाघमारे आपला माणूस हाय म्हणून."

शेषेरावांनी पेन काढलं. सही केलीही असती. पण पत्रात पाहणीची तारीख घालावी लागते, आणि न बघता तारीख घालायची त्यांना सवय नव्हती. याला प्रामाणिकपणा म्हणावं की भित्रेपणा, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. बसवंत हसला आणि म्हणाला, "चला मंग जीपमधी. जाऊन येऊ. तारखेचं पाप तुमच्या डोक्यावर नको."

चिंचोडी किल्लारीच्या अलीकडे. रस्त्याने दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडलेली, ढेकळं भाजून निघालेली. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. तलाव म्हणावं असं तिथे काही उरलं नव्हतं. भेगाळलेल्या तळावर दोनशे बाया टोपल्या घेऊन रांगेने चालत होत्या, आणि त्यांच्या मधोमध एका खळ्याएवढा पाण्याचा डोह होता. त्या डोहातून तो ढीग वर आला होता.

शेषेराव इथे नोकरीला होते तेव्हा तलाव भरलेला असायचा. ढीग त्यांनी कधी बघितला नव्हता, फक्त त्याच्यावर फाटलेली जाळी बघितली होती. आता जवळ जाऊन बघितला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. दगडगोटे नव्हते. ती जात्यांची पेडं होती, दळायचे गोल दगड. शेकडो. मधोमध दाणे घालायचं भोक, कडेला खुंटा ठोकायचं भोक. एकावर एक, तिरकी, उताणी, अर्धी चिखलात गेलेली. मध्येच फुटके रांजण, दगडी उखळं, जनावरांच्या डोण्या. पाण्याखालीही किती खोल गेली होती कोण जाणे.

"तुम्ही ते मासळीचं बी आणणारे साहेब नव्हं?" मागून कुणीतरी विचारलं.

केवळाबाई होती. भोयांच्या सोसायटीचा कागदोपत्री अध्यक्ष तिचा पुतण्या होता, पण तलावावर शब्द हिचा चालायचा. आठ वर्षांपूर्वी ती काळ्याभोर केसांची होती. आता केस पांढरे झाले होते, आणि डोक्यावर गाळाच्या टोपलीची चुंबळ होती.

"हे सगळं कुठून आलं, केवळाबाई?"

"गावातून. आनखी कुठून येनार?" तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "जातं फुटलं, झिजलं, तर उकिरड्यावर टाकत न्हाईत आमच्याकडं. इकत न्हाईत. घराला खाऊ घातलेलं असतंय त्यानं. मंग तराफ्यावर घालून हितं आणून सोडायचं, खोल पाण्यात. पाटलाचं, भोयाचं, तुमच्या आळीतलं, समद्यांचं हितंच. माज्या सासूच्या सासूपासून चालू हाय. मासोळीला घर हुतंय, म्हनायची सासू."

बसवंत मुकादमाशी बोलायला पुढे गेला होता. शेषेराव चिखलात उकिडवे बसले आणि डोहाच्या काठावरून आत बघायला लागले. पाणी गढूळ होतं, पण ढिगाच्या सावलीत वीतभर निवळलेलं. एका पेडाच्या भोकातून सापासारख्या वांबेचं तोंड बाहेर आलेलं होतं. ती बाहेर येत नव्हती, आतही जात नव्हती. पलीकडच्या उखळात एक मरळ आडवी पडली होती. फुटक्या रांजणाच्या पोटात बोटाएवढ्या माशांचा घोळका, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. काठावर सात-आठ बगळे उभे होते, आणि त्यांची चोच तिथवर पोचत नव्हती.

हे आपण कुठेतरी बघितलंय, असं शेषेरावांना वाटलं, आणि कुठे ते आठवायला फार वेळ लागला नाही.

सव्वीस वर्षांचे असताना खात्याने त्यांना रामेश्वरच्या बाजूला दहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. हदगावच्या पोराने तोवर पैनगंगेपलीकडे पाणी बघितलेलं नव्हतं. तिथे समुद्रात प्रवाळाचे खडक होते. होडीतून तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर ठेवायची, तिच्यात डोकं घालायचं आणि खालचे मासे मोजायचे, हे काम. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. पहिले आठ दिवस त्यांनी मासे मोजलेच नाहीत, नुसते बघत राहिले आणि बोलणी खाल्ली. नंतर तिथल्या मोठ्या साहेबांनी एक प्रयोग लावला. वाळूवर दगडांचे दोन ढीग रचले, सारख्या आकाराचे. एक गच्च रचलेला, एक भोकाभोकांचा. दोन्हींवर सारखीच पिल्लं सोडली. महिन्याने गच्च ढिगावर जेमतेम चार मासे उरले होते आणि दुसरा गजबजला होता. मग त्या दुसऱ्या ढिगातले मासे काढून नेले, तर पंधरा दिवसांत रिकाम्या भोकांत दुसरे येऊन बसले. मोठे साहेब म्हणाले होते, मासे किती सोडले ते लिहू नका, भोकं किती आहेत ते आधी लिहा. समुद्रात पिल्लांना तोटा नाही, जागेला तोटा आहे. ज्याला भोक मिळालं तो राहिला, ज्याला नाही मिळालं त्याला कुणीतरी खाल्लं. शेषेरावांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि पहिल्या नंबराने पास झाले होते. मग ते मराठवाड्यात आले. इथे समुद्र नव्हता, प्रवाळ नव्हतं, म्हणून ते शिकलेलं सगळं इथे लागू नाही असं ते धरून चालले. दुसऱ्या कुणी त्यांना तसं सांगितलंही नव्हतं.

"केवळाबाई, गावात पिठाची गिरणी कधी आली?" त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

"मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली. लाइट आली, पाठोपाठ गिरणी आली. मंग काय, बायांनी जाती आणून हितं ढकलली. चांगली धड जाती. तीन महिने आमचा तराफा जातीच वाहून राहिला हुता. मी बी माजं ढकललं. आनंद झाल्ता मला, खरं सांगते. पहाटचं उठायचं सुटलं."

"आणि मासळी?"

"ती बी त्याच सालापासून वाढली. दुसऱ्या साली तर जाळं वडवत न्हवतं."

शेषेरावांनी मनातल्या मनात साल जुळवून बघितलं. त्याच साली त्यांनी चिंचोडीत पहिल्यांदा मत्स्यबीज सोडलं होतं. रोहू, कटला, मृगळ, डबे भरभरून. दोन वर्षांत उत्पादन तिप्पट झालं आणि खात्याने त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, प्रशस्तिपत्र, सगळं रीतसर. त्या एका तलावावर त्यांना बढती मिळाली होती.

यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. माणूस चुकतो. पण लगेच त्यांना दुसरी गोष्ट आठवली. तेच बीज, तेवढेच डबे, त्यांनी त्याच आठवड्यात आणखी दोन तलावांत सोडले होते. दोन्ही तलाव नवे, पाझर तलाव, तळ ताटासारखा सपाट आणि साफ. तिथे मासे झालेच नाहीत. बीज चांगलं होतं, याचा पुरावा चिंचोडीत तिप्पट होऊन पोहत होता. मग मासे गेले कुठे? शेषेरावांनी अहवालात लिहिलं होतं की तिथले भोई ठेका चुकवून चोरून मासे धरतात. पुरावा मागायला कुणी आलं नाही, कारण भोयांबद्दल असं लिहिलं की ते खरंच वाटायचं. दोन्ही सोसायट्यांचे ठेके गेले. एका सोसायटीचा म्हातारा शंकरप्पा ऑफिसात येऊन त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला होता. आम्ही चोर न्हाई साहेब, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेषेरावांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं होतं.

चोर नसून चोर म्हणवून घेणं म्हणजे काय, हे वाघमारे आडनावाच्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांच्या हातून ते झालं होतं, आणि तेही नीट, वळणदार अक्षरात.

"तुमचं बी वाईट न्हवतं साहेब," केवळाबाई म्हणाली. त्यांच्या चेहऱ्यावरचं तिला काय कळलं कोण जाणे. "पर बोटाएवढं पिल्लू, त्याला लपायला जागा पायजे का न्हाई? उघड्यावर बगळा ठिवतोय व्हय त्याला? ह्यो ढीग उचलला की ह्या डोहातलं हाय ते बी मरनार. मंग पाऊस पडू द्या न्हाईतर तुम्ही गाडी भरून बी आना. आमची तीस घरं कारखान्यांवर ऊस तोडायला जातील, आनखी काय."

"हे तुम्ही मुकादमाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. तो म्हनला, साहेबानंच लिहिलंय कचरा हाय म्हनून."

बसवंत परत आला तेव्हा शेषेराव उठून उभे राहिले होते. धोतराची सवय कधीच सुटली होती, पण पँटीला लागलेला चिखल ते धोतर झटकल्यासारखा झटकत होते. "सही होत नाही," ते म्हणाले. "हा ढीग इथेच राहू द्या. भोवतीने गाळ काढा."

बसवंतला आधी थट्टा वाटली. मग त्याने त्यांना बाजूला बाभळीखाली नेलं. "साहेब, दगड मला कुठं बी मिळतोय. खाणीतून आणतो. माझं काय अडत न्हाई. पर आमचे साहेब तापट हायत. त्यांनी ठरिवलेलं कुणी मोडलं की त्या माणसाचं तोंड बघत न्हाईत. तुमचं नाव सोळावरून कुठं जाईल मी सांगू शकत न्हाई."

"माहीत आहे."

"वयनीला काय सांगणार?"

शेषेराव जीपकडे चालायला लागले. खरं म्हणजे त्या घटकेला त्यांना बसवंतचा राग आला, केवळाबाईचा आला, तिच्या सासूच्या सासूचाही आला. घाव घालणारी गोष्ट माणसाच्या वाट्याला यायचीच तर यावी, पण निदान विशी-तिशीत यावी, अंगात धग असते तेव्हा. चौपन्नाव्या वर्षी, कंबर धरलेली असताना, दोन खोल्या आणि एक मोरी हातात आलेली असताना येऊ नये. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मनातल्या मनात दोनदा ठरवलं की उद्या सही करून टाकायची. औश्याचा नाका येईपर्यंत ते ठरलेलंच होतं. नाका मागे पडला आणि शंकरप्पाचे जोडलेले हात पुन्हा डोळ्यांपुढे आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कागद घेतला आणि लिहायला बसले. सही नव्हती ती. लिहिलं की आपला आठ वर्षांपूर्वीचा अहवाल चुकीचा होता. तलावाच्या तळाशी कचरा नसून ग्रामस्थांनी सोडलेले जात्याचे दगड आहेत व माशांची वस्ती त्यांच्याच आधाराने आहे. उत्पादनवाढ बीजामुळे झाली असा जो निष्कर्ष काढला तो अपुरा होता. आणि इतर दोन तलावांतील सोसायट्यांवर चोरीचा जो ठपका ठेवला तो निराधार होता, तेथे माशांना थारा नव्हता, सबब ठेके परत देण्याबाबत फेरविचार व्हावा. हे शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. मग प्रत जिकडे जिकडे पाठवायला पाहिजे तिकडे पाठवली आणि चहा प्यायला खाली गेले. हलकं वगैरे वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही, फक्त जास्त थकल्यासारखं वाटलं.

पुढचं सगळं सरकारी चालीने झालं. ढीग राहिला. खात्याने शेषेरावांचा खुलासा मागवला, की बीज निरुपयोगी आहे असं आपलं म्हणणं आहे काय, असल्यास आजवर ते का सोडलं. दोन सोसायट्यांच्या ठेक्याबद्दल उत्तर आलं नाही. क्वार्टरची यादी मात्र वेळेवर लागली. शेषेरावांचं नाव एकतिसावं होतं. बसवंत त्या दिवशी आला आणि डब्यातली भाकरी न मोडता नुसताच बसून राहिला. "मी बोललो हुतो साहेबांशी," एवढं म्हणाला आणि उठून गेला.

मे महिन्याच्या एकोणतीस तारखेला शेषेराव डोहाची खोली मोजायला चिंचोडीला गेले आणि तिथूनच नांदेडची गाडी धरायची असं ठरवून गेले. डोह आता आणखी आटला होता. केवळाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हाताने काहीतरी चाचपत होती. शेवटच्या डोहात जाळं टाकायचं नाही हा त्यांचा जुना नियम, म्हणून जाळं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी एक मरळ उचलली, चांगली हातभर, आणि काठावर आणून ओल्या गोणपाटात गुंडाळली.

"घ्या. मालकिणीला न्या."

"अहो, शेवटचा डोह म्हणता आणि धरता काय?"

"ही धरली तर चालतीय," ती म्हणाली. "चार दिस बघून राहिले. पानी उतरलं, वरची भोकं उघडी पडली, हिला भोक राहिलं न्हाई. दुसरीच्या भोकात गेली की ती चावून भायेर काढतीय. नुसती भवताली फिरून राहिली हुती. आज न्हाई उद्या बगळ्याच्याच पोटात जानार. तुमी न्या. गोणपाट वलं ठिवा, नांदेडपोत्तर जित्ती राहतीय."

बसमध्ये शेषेरावांनी गोणपाट पायांत ठेवलं. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून ते तांब्याभर पाणी आणायचे आणि त्यावर ओतायचे. पाणी द्यायला लोक कुरकुरायचे, कारण माणसांनाच पाणी नव्हतं. ते विनवण्या करायचे, एवढं एक पोचवायचंय, म्हणायचे. अहमदपूरला एका बाईने विचारलं, काय हाय आत. ते म्हणाले, मासा. ती हसली आणि तांब्या भरून दिला.

नांदेडला पोचले तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. क्वार्टरच्या दारात बिछाना दोरीने बांधून ठेवला होता. आत भांड्यांची पोती, ट्रंक, भिंतीवरून काढलेला बाबासाहेबांचा फोटो चादरीत गुंडाळलेला. सिंधु चुलीपुढे बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. बादली पुढे केली. शेषेरावांनी गोणपाट उलटं केलं. मरळ बादलीत पडली, एकदा वळली आणि तळाला जाऊन बसली.

"जित्ती हाय की," सिंधु म्हणाली.

मग शेषेरावांनी तिला सांगितलं. जात्याचे दगड, गिरणी, शंकरप्पा, अहवाल, सोळा आणि एकतीस. काही लपवलं नाही. मध्ये कुठे थांबलेही नाहीत, कारण थांबलो तर पुढे बोलवणार नाही अशी त्यांना भीती वाटत होती. सिंधु बादलीकडे बघत ऐकत होती. मासा काठाकाठाने एक फेरी मारायचा, थांबायचा, पुन्हा फेरी मारायचा.

"हिला का धरली?" तिने शेवटी विचारलं.

"हिला जागा राहिली नव्हती."

सिंधुने मान हलवली. मग म्हणाली, "त्या शंकरप्पावरचा आळ काढला ते बरं केलं." आणि विळी ओढून घेतली. चुलीतली राख हाताला लावली, बादलीत हात घातला आणि ती मरळ एका हिसक्यात वर काढून कापली. तिचे हात कामाला सरावलेले होते. कालवणात तिने घरातलं उरलंसुरलं सगळं घातलं, तीळ, खोबरं, शेवटची लसूण.

जेवायला बसले तेव्हा तिने त्यांच्या ताटात मधला मोठा तुकडा वाढला. "खावा पोटभर," ती म्हणाली. "उद्या मी लोह्याला जाते. भाऊ चांगला हाय, भावजय बी चांगली हाय. पर तितं चुलीपुढं मी बसले की तिला अवघडल्यासारखं हुतंय. मंग मी आपली भायेर वसरीवर बसते, आन् ती जे देईल ते खाते."

शेषेरावांचा घास हातातच राहिला. एवढी वर्षं ती लोह्याला का जात नव्हती, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. सिंधु त्यांच्याकडे न बघता तिच्या ताटातले काटे एका बाजूला काढत राहिली.

"खोली मिळायला किती दिस लागतील?" तिने विचारलं.

"माहीत नाही," शेषेराव म्हणाले.

"बरं," सिंधु म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं.